टेक्सास राज्य विरुद्ध श्रीरामकाका

श्रीराम उमाळकर यांनी विदर्भातल्या एका तालुका कोर्टात एकतीस वर्षं बेंच क्लर्क म्हणून लोकांना तारखा दिल्या. निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी टेक्सासमधल्या एका काउंटी कोर्टाने त्यातल्या काही तारखा त्यांच्याच पदरात टाकायला सुरुवात केली. गुन्हा भयंकर होता. जास्वंदीची फुलं.

जुलैमध्ये काका टेक्सासमधल्या फ्रिस्कोला मुलाकडे, नकुलकडे आले. सून दीपा गुणी, घर मोठं, देवघर छोटं पण झकपक. परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेचं होतं, कारण चार डिसेंबरला नागपूरला धाकट्या निधीचं लग्न होतं. कन्यादान करायला बाप लागतो, एवढा एकच कार्यक्रम त्यांनी आयुष्यात पक्का आखलेला होता.

आता पहाटे फिरायला जाताना हातात पिशवी घ्यायची आणि ज्याची फांदी कुंपणाबाहेर आली त्याची फुलं देवाची, हा काकांच्या कॉलनीतला चाळीस वर्षांचा कायदा. यात झाडाच्या मालकालाही परस्पर पुण्य मिळतं, त्याला विचारायची गरज नसते. फ्रिस्कोत कोपऱ्यावरच्या मिसेस हॅलोरनच्या अंगणातली लाल जास्वंद अशीच फूटपाथवर लवलेली होती. शेजारी पाटी होती: खाजगी जागा, आत येऊ नये. काकांनी पाटी वाचली, मनोमन मान्य केली आणि फूटपाथवरच उभं राहून हात लांब केला. जन्म कोर्टात गेलेल्या माणसाला हद्द म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही.

पण मिसेस हॅलोरनच्या दाराच्या घंटीत कॅमेरा होता. रोज उजाडताना एक अनोळखी म्हातारा घरासमोर रेंगाळतो, हे पाहून त्या बिचाऱ्या घाबरल्या आणि त्यांनी फोन केला. ऐन संकष्टीच्या सकाळी पोलीस आला. अतिशय नम्रपणे त्याने विचारलं, तुम्ही इथे रोज येता का?

"येस सर, डेली," काका अभिमानाने म्हणाले. "इन इंडिया ऑल्सो. एव्हरीबडीज हाऊस. फॉर्टी इयर्स."

आपल्याकडे याला श्रद्धा म्हणतात. तिकडे कबुलीजबाब म्हणतात. काकांच्या हातात बेड्या पडल्या, एकवीस लाल फुलं मुद्देमाल म्हणून जप्त झाली आणि गणपती त्या दिवशी फुलांवाचून राहिला. संध्याकाळी नकुलने जामिनावर सोडवून आणलं तेव्हा काकांच्या हातात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'टेक्सास राज्य विरुद्ध श्रीराम उमाळकर'. एका बाजूला तीन कोटी लोक आणि दुसऱ्या बाजूला आपण एकटे, हे वाचून क्षणभर काकांना जरा बरंच वाटलं. मग त्यांनी खालची अट वाचली: कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडता येणार नाही.

नकुलने वकील शोधली ती प्रीता सबनीस. तिकडेच जन्मलेली, मराठी घरात शिकलेली, हुशार पोरगी.

"काका, डोंट वरी," ती म्हणाली. "क्रिमिनल ट्रेसपास आहे, पण लॉ क्लिअर आहे. अख्खी बॉडी आत गेली पाहिजे. नुसता हात काउंट होत नाही. आणि व्हिडिओत तुम्ही कमरेपासून वरच दिसता. पाय कुठे होते ते दिसतच नाही."

"पाय फूटपाथवर होते," काका म्हणाले.

"एक्झॅक्टली. प्रॉसिक्यूटरने व्हिडिओ बघितला की केस डिसमिस."

बघितला की. इथेच सगळं घोडं अडलं. सप्टेंबरच्या तारखेला जो सरकारी वकील होता त्याच्यापुढे त्या सकाळी साठ फायली होत्या. त्याने काकांची फाइल उचलली, तिचं वजन केल्यासारखं केलं आणि खाली ठेवली. रिसेट. ऑक्टोबरला त्याची बदली झाली होती. नव्या बाईंना व्हिडिओ सापडेना. रिसेट. 'रिसेट' म्हणजे पुढली तारीख, पण नाव असं की ऐकणाऱ्याला वाटावं यंत्र दुरुस्त होतंय. परदेशी जायची परवानगी मिळावी म्हणून प्रीताने अर्ज केला. तो अर्ज कोर्टाने सहानुभूतीने स्वीकारला आणि सुनावणीला आठ डिसेंबर ही तारीख दिली. लग्न चारला.

काकांना या कोर्टाचं कौतुक मात्र वाटत होतं. गालिचा होता, पान खाऊन थुंकलेला एकही कोपरा नव्हता, थंड पाण्याचा नळ चालू होता. आणि न्यायाधीशांच्या खाली बसलेली ती क्लर्क. दोन तारखांत तिने एकदाही मान वर केली नव्हती. माणूस समोर आला की ती नुसते केस नंबरचे शेवटचे आकडे म्हणायची, "सेव्हन झीरो थ्री," आणि कागद सरकवायची. पहिल्या खेपेला काकांनी जाणकाराच्या नजरेने तिला दाद दिली. हात बसलेला होता बाईचा. दुसऱ्या खेपेला आपण तिच्याकडे बघून हसलो आणि तिने पाहिलं नाही, हे त्यांना थोडं लागलं.

चोवीस नोव्हेंबरला कोर्टाबाहेरच्या बाकावर प्रीता येऊन बसली. तिसरा सरकारी वकील आला होता, आणि उदार होता.

"काका, ऑफर आली आहे. तुम्ही गिल्टी प्लीड करायचं, शिक्षा एक दिवस, आणि तो दिवस तुम्ही ऑगस्टमध्येच काढलाय. म्हणजे टाइम सर्व्ड. पाच मिनिटांत फ्री. सत्तावीसची फ्लाइट पकडा."

"आणि नाही केलं तर?"

"तर आठ डिसेंबर. आणि गिल्टी केलं तर रेकॉर्डवर राहील, पुढच्या व्हिसाला प्रॉब्लेम येऊ शकतो. पण तुमच्या डॉटरचं लग्न आहे. मी काहीच सजेस्ट करणार नाही."

नकुलने काहीही सजेस्ट न करण्याची शपथ घेतली नव्हती. "बाबा, प्लीज. सही करा आणि चला. निधी रोज रडतेय. फुलांची तर केस आहे, कोण विचारतंय?"

गंमत अशी, की हा सल्ला काकांच्या चांगल्या ओळखीचा होता. हा त्यांचाच होता. एकतीस वर्षं किरकोळ गुन्ह्यातल्या माणसांना त्यांनी टेबलावरूनच, रोजनाम्यातून डोकं वर न काढता सांगितलं होतं: कबूल कर, दंड भर, मोकळा हो. लोक आभार मानून कबूल करायचे. न केलेलंही कबूल करायचे, कारण मजुरी बुडायची. त्याला काका कोर्टाचं काम हलकं करणं म्हणत.

फक्त एक केळीवाला होता. रस्त्यात गाडी लावून अडथळा केल्याचा गुन्हा. तो म्हणाला होता, "साहेब, गाडी माझ्याच दारात होती. नाही केलं ते कबूल कसं करू?" सहा वर्षं येत होता तो. सकाळी साडेदहाला दारात येऊन उभा राहायचा, दुपारी तारीख घेऊन जायचा. एकदा काकांनी साहेबांच्या चेंबरमध्ये त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलंही होतं. शेवटी सुटला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, येडा आहे, पहिल्याच दिवशी दंड भरला असता तर संपलं असतं. बहुधा काकाच म्हणाले होते.

आत पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

काकांना निधीचा चेहरा दिसला, लहानपणीचा, देवघरात फुलं मांडतानाचा. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"नो सर," ते म्हणाले. "माय फीट वेअर ऑन फूटपाथ."

क्लर्कने आठ डिसेंबरचा कागद सरकवला.

नकुल आणि दीपा ठरल्याप्रमाणे गेले. काकांनीच पाठवलं त्यांना. चार तारखेला नागपूरला गोरज मुहूर्त होता, म्हणजे फ्रिस्कोत पहाटेचे सहा. काकांनी आंघोळ केली, कोसा सिल्कचा झब्बा घातला, लग्नासाठी आणलेला फेटा बांधला आणि रिकाम्या घरात डायनिंग टेबलवर फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसले. कन्यादान धाकट्या भावाने, अरुणने केलं. मंगलाष्टकांच्या वेळी काकांनी इकडे एकट्यानेच अक्षता टाकल्या, त्या टेबलावर पडल्या. मग निधीने कॅमेऱ्यात पाहून नमस्कार केला आणि चित्र अडकलं. ते तसंच अडकलेलं त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मनसोक्त रडून घेतलं.

आठ तारखेला प्रीता त्यांना गाडीतून घेऊन गेली. चौथी सरकारी वकील एक तरुण मुलगी होती, नोकरीचा दुसरा आठवडा. अजून तिला फाइल न उघडण्याचं वळण लागलं नव्हतं. तिने ती उघडली. आत एक पत्र होतं, मिसेस हॅलोरनचं. 'मला तो माणूस कोण ते ठाऊक नव्हतं. तो फुलं नेतो आणि फूटपाथवरच उभा असतो हे मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. कृपा करून खटला थांबवा. फुलं त्याने नेली तर माझी हरकत नाही.' पत्रावर तारीख होती एकोणतीस सप्टेंबर. दहा आठवडे ते त्या फाइलीत होतं. कोणीही ती उचलून ठेवण्याऐवजी उघडायची, एवढंच.

न्यायहितार्थ खटला रद्द. दीड मिनिट लागलं. न्यायाधीशांनी शुभेच्छा दिल्या. "सेव्हन झीरो थ्री," क्लर्क म्हणाली आणि कागद सरकवला.

काका हलले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "माय नेम इज श्रीराम."

तिने मान वर केली. चाळिशीची, थकलेली, डोळ्यांखाली काळं. "ओके, सर," ती म्हणाली आणि पुढचा नंबर घेतला.

बाहेर पार्किंगमध्ये काकांनी नागपूरला बायकोला, शोभनाकाकूंना, फोन लावला.

"सुटलात?"

"सुटलो. अगं, ऐक, तो केळीवाला आठवतो का? सहा वर्षं यायचा, मी घरी येऊन सांगायचो बघ. केस नंबर चारशे बारा. नाव काय होतं त्याचं?"

"मला कसं ठाऊक असणार? पुकारा तुमच्या कोर्टात व्हायचा."

"हो," काका म्हणाले. "रोजनाम्यात मीच लिहायचो."

प्रीता गाडीचं दार उघडून उभी होती. काका फोन कानाला तसाच धरून उन्हात उभे राहिले. चारशे बारा, चारशे बारा, असं पुटपुटत राहिले. नाव काही आलं नाही.