न वाजणारं जेवण

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या आणि मग ऐका. मी एक जुनी कवळी आहे. वरची आणि खालची असे माझे दोन तुकडे असले, तरी जीव एकच. माझं नाव काढलं की लहान मुलं तोंड लपवून हसतात आणि मोठी माणसं विषय बदलतात. घरात जुनं घड्याळ असलं तर पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. कवळी कोणी दाखवत नाही. ती दिसली, तर शिंकताना दिसते.

माझा जन्म एका लहानशा खोलीत झाला. तिथे एक कारागीर दिवसभर दिव्याखाली वाकून लोकांचे दात घडवायचा. माझ्या मालकांच्या हिरड्यांचा ठसा घेऊन त्याने प्लास्टरचा साचा केला, मला आधी मेणात उभं केलं, मग मेण काढून तिथे गुलाबी मसाला भरला आणि मला चक्क उकळत्या पाण्यात शिजवून काढलं. दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाले, "पांढरेशुभ्र नकोत बुवा. गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारा पिठात तोंड घालून बसला होता. टोस्टच्या आतल्या बाजूला रंग असतो ना, तसले द्या." कारागीर खो खो हसला, पण रंग त्याने अगदी तोच दिला.

माझे मालक बेकरीवाले होते. त्यांच्याकडे पाव मिळायचा, बिस्किटं मिळायची, पण लोक लांबून यायचे ते कडक टोस्टसाठी. टोस्ट दोनदा भाजावा लागतो. एकदा पाव म्हणून, आणि त्याचे काप केल्यावर पुन्हा एकदा. दुसरी भाजणी जमली तर टोस्ट, नाहीतर शिळा पाव. ती जमली की नाही हे मालक डोळ्यांनी बघत नसत. भट्टीतून ट्रे निघाला की एक तुकडा उचलायचे, डोळे मिटायचे आणि कडाडून चावायचे. "टोस्ट हा जिभेचा नाही, कानाचा पदार्थ आहे," असं ते सगळ्यांना सांगायचे.

मग त्यांचे दात गेले आणि मी आले. त्यांच्या तोंडात मी पुष्कळ वर्षं काढली. सुखाची वर्षं होती ती. माझ्यामुळे मालकांचे बसलेले गाल वर आले, हसू परत आलं, मालकीणबाई तर म्हणाल्या, "लग्नात दिसत होतात तसे दिसताय." मी फुशारून गेले होते. सकाळी ब्रशने अंघोळ, रात्री थंड पाण्यात झोप. पण एक गोष्ट मला कधीच जमली नाही. खऱ्या दाताचा आवाज हाडातून थेट कानात जातो. मी हिरडीवर बसलेली. माझा आवाज हिरडीतच मुरायचा. मालक ट्रेमधला तुकडा चावायचे, थांबायचे, पुन्हा चावायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. एकदा त्यांनी पास केलेला सगळा माल मऊ निघाला आणि गिऱ्हाइकांनी तो परत आणून दिला. दुसऱ्या दिवसापासून मुलगा घड्याळ लावून टोस्ट भाजू लागला आणि मालक गल्ल्यावर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत असं म्हणतात. आमच्याकडे दात होते, टोस्टही होते, आणि तरी काही उपयोग नव्हता.

म्हणून तर मालकांनी पक्के दात बसवून घ्यायचं मनावर घेतलं. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यावर दात घट्ट करायचे, असं ते काम असतं. दुसऱ्या देशात एक डॉक्टरीणबाई त्यात अगदी तरबेज आहेत असं कळलं. मुलाने चौकशा केल्या, तिकिटं काढली, आणि मालक, मालकीणबाई आणि तोंडात बसून मी, असे तिघं निघालो. मला जिथे नेलं जात होतं तिथे माझी गरज संपणार होती, हे मला ठाऊक होतं. पण मालकांच्या तोंडात राहून मालकांच्या वाइटावर कशी असेन?

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली होती. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर. शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातल्या दुभाषी मुलीने सगळ्या सूचना समजावल्या. टाके निघेपर्यंत जुनी कवळी घालायची नाही. जेवण मऊ हवं, कोमट किंवा गार हवं, पण कसदार हवं. अंडी, दही, मासे, भाज्या शिजवून कुस्करून खायच्या. आणि नळीने काहीही ओढून प्यायचं नाही, कारण त्या ओढीने जखम उघडते. मालकीणबाईंनी मान डोलावली. मालकांनी कानाडोळा केला. मला पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवलं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

मालकीणबाई जीव तोडून स्वयंपाक करायच्या. भोपळा उकडून लोण्यात घोटायच्या. माशाचे काटे बोटांनी चाचपून काढायच्या. बटाट्यात दूध घालून तो इतका मऊ करायच्या की चमचा आपोआप बुडावा. आणि स्वतःसुद्धा तेच खायच्या. त्यांचं लग्न झाल्यापासून घरात दोघांसाठी दोन भांडी कधी चढली नव्हती. त्याला पथ्य तर तिलाही पथ्य, असा त्यांचा रिवाज.

पण मालक काही खाईनात. दोन चमचे झाले की ताट सरकवायचे.

"अहो, काय झालं? मीठ कमी आहे का?"

"मीठ ठीक आहे गं. पण हे जेवण वाजत नाही. न वाजणारं जेवण म्हणजे काय जेवण? भिंतीला लावायचा गिलावा तो."

मालकीणबाईंनी समजावून समजावून दाताच्या कण्या केल्या. शेवटी मालकांनी यातून आपलीच एक युक्ती काढली. मालकीणबाई भाजी आणायला गेल्या की ते ताटातलं सगळं दुधात पातळ करायचे आणि सरबताच्या नळीने एका दमात ओढून टाकायचे. चव नको आणि कटकट नको. मी पेल्यातून बघत होते. ओरडायला मला स्वतःचा गळा कुठला?

व्हायचं तेच झालं. जखम उघडली, उशी लाल झाली आणि नळ्यांचं गुपित बाहेर पडलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, वजन केलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. दुभाषी मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, त्या म्हणतात, तुमचं हाड आधीच पातळ आहे. अंगात ताकद आली नाही आणि हिरडी भरली नाही, तर स्क्रू काढावे लागतील. आणि एकदा काढले की पुन्हा बसवता यायचे नाहीत."

दोघं खोलीवर आले. मालकीणबाईंनी नळ्या कचऱ्यात टाकल्या, अंडं मऊ उकडून कुस्करलं आणि पुढ्यात ठेवलं. मालक खरंच प्रयत्न करत होते. पण घास तोंडात फिरत राहायचा आणि खाली उतरायचा नाही. त्यांचे डोळे भरून आले. मालकीणबाई उठल्या आणि न्हाणीघरात गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाई रडायला गेल्या.

इतक्यात मालकांनी मान वर केली. डोळे मिटले. आणि टेबलावरूनच ओरडले, "सादळलाय तो!"

नळ बंद झाला.

"टोस्ट सादळलाय म्हटलं. आणि दुसऱ्या भाजणीला आच कमी पडलीय. कुठून आणलास?"

दार उघडलं. मालकीणबाई बाहेर आल्या त्या हनुवटीवर चुरा घेऊनच. लाजून त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "अहो, रोज तो लगदा खाऊन दात शिवशिवायला लागले होते माझे. तुमच्यासमोर कशी चावू? म्हणून नळ सोडला."

"नळ सोडून माल लपतो होय? इकडे ये. इथे बस. चाव परत."

त्या शेजारी बसल्या. त्यांनी टोस्ट मालकांच्या कानाजवळ नेला आणि चावला. मालकांनी अंड्याचा चमचा तोंडात घातला आणि गिळला. पुन्हा चावला, पुन्हा गिळला. बशी रिकामी झाली तेव्हा दोघंही लहान पोरांसारखी हसत होती. मलाही हसू आवरेना.

मग रोजचंच झालं. वाजवायचं मालकीणबाईंनी आणि जेवायचं मालकांनी. त्या परक्या गावात भाषा येत नसताना बाई दुकानोदुकानी जाऊन खुणांनी कडक काय मिळतं ते विचारायच्या. कधी टोस्ट, कधी पापुद्र्याची बिस्किटं, कधी कच्चं गाजर, कधी हिरवं सफरचंद. मालक एकेक चमचा गिळत निकाल द्यायचे. "हा चांगला. ह्याच्या भट्टीवाल्याला माझा नमस्कार सांग. हे गाजर कालचं दिसतंय." भोपळा संपू लागला, दही संपू लागलं, मासा उरेनासा झाला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी हिरडीवरून बोट फिरवलं आणि अंगठा वर केला. त्याला दुभाषी लागली नाही.

टाके निघाल्यावर मला आतून खरवडून मऊ अस्तर लावलं आणि पुन्हा मालकांच्या तोंडात बसवलं. हाड स्क्रूला धरेपर्यंत घरी जाऊन थांबायचं होतं. ते काही महिने माझ्या नोकरीचे शेवटचे महिने. मी मन लावून काम केलं. सफरचंदाला मात्र अजूनही मालकीणबाईच लागायच्या.

नंतर आम्ही पुन्हा तिथे गेलो, त्याच खोलीत उतरलो, आणि मालकांना पक्के दात बसले. मला एका डबीत ठेवलं. डबी टेबलावर उघडीच होती. डॉक्टरीणबाईंनी कडक खायची परवानगी दिली त्या दिवशी मालकीणबाईंनी चांगला कडक टोस्ट आणून ठेवला. मालकांनी डोळे मिटले आणि चावला. आवाज हाडातून थेट कानात गेला असणार, कारण ते तसेच बसून राहिले आणि गालांवरून पाणी वाहू लागलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या पोटात दुखलं. इतकी वर्षं चाकरी केली, पण हे काही मला देता आलं नव्हतं. मग मात्र मला आनंद झाला.

मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि सवयीने आपलाही टोस्ट चावला.

मालक दचकले. "परत चाव."

"आता कशाला? तुमचे तुम्हाला आले ना दात?"

"चाव तर खरं."

त्यांनी चावला. मालकांचा चेहरा बदलला. "तू उजव्या बाजूने चावतच नाहीस. कधीपासून?"

"काही नाही हो. जरा ठणकतं."

"कधीपासून?"

मालकीणबाईंनी टोस्ट खाली ठेवला. "मागच्या वेळी आलो होतो तेव्हापासून. म्हटलं, आधी तुमचं होऊ दे. एकदा तुमचं मार्गी लागलं की बघू. आणि तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही मला चावू दिलं असतं का? मग तुम्ही जेवला असता का?"

ज्या माणसाने बंद दारातून टोस्टची भाजणी ओळखली होती, तो माणूस आज खाली मान घालून बसला होता.

"मी टोस्ट ऐकत होतो गं," ते म्हणाले. "रोज माझ्या कानाशी बसून चावत होतीस. मी टोस्टच ऐकला. तुला ऐकलंच नाही."

दुसऱ्याच दिवशी ते मालकीणबाईंना हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. दाढ मुळापर्यंत किडली होती. आधी दाखवली असती तर वाचली असती, असं दुभाषी मुलगी म्हणाली. दाढ काढावी लागली.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मालकांनी जेवण रांधलं. भट्टीवर जन्म गेला, पण शेगडीवरचं पातेलं काही त्यांना ऐकेना. भोपळा बुडाला लागला. बटाट्यात गुठळ्या राहिल्या. दूध उतू गेलं. मालकीणबाई पलंगावरून सांगू बघायच्या, पण गालात कापसाचा बोळा होता. शेवटी बोळा निघाल्यावर मालक बशी घेऊन शेजारी बसले, एक चमचा त्यांना भरवला आणि आपण एक टोस्ट त्यांच्या कानाशी कडाडून चावला. मालकीणबाईंनी दचकून कान झाकला, आणि मग सुजल्या गालाने पुटपुटल्या, "अहो, मला वाजायला नकोय. माझ्याशी बोला नुसतं."

मग मालक बोलत राहिले आणि बाईंनी गुठळ्यांसकट सगळा बटाटा संपवला.

मित्रांनो, आता मी कपाटाच्या खणात असते. मालक बेकरीत पुन्हा ट्रे तपासतात. माझी कोणाला आठवण होत नाही, आणि माझी गरजच उरू नये म्हणून तर सगळी धडपड होती. दात घासा, गोड खाऊन चूळ भरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात, तेही करा. माझं मागणं निराळं आहे. घरी सगळे जेवायला बसले की एकदा नुसते कान देऊन बसा. कोणी एकाच बाजूने चावत असेल. कोणी पावाची कड हळूच बाजूला ठेवत असेल. कोणी आवडीच्या पदार्थालाही "मला नको, तुम्ही खा" म्हणत असेल. त्यांना विचारा, दुखतंय का. ते "छे, काही नाही" म्हणतील. तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.