तारा म्हणजेच अंबुजा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. म्हैसूरच्या एका शाळेच्या कचेरीत राहतो. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे.

लष्कर मोहल्ल्यातल्या एका कारागिराने रबर कोरून मला घडवले आणि लाकडी मूठ बसवली. माझ्या तोंडावर ‘व्हेरिफाइड’ हा इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ मानाजीराव कारकुनांनी एकदा त्यांच्या नातीला, वाणीला, सांगितला.

"लॅटिनमध्ये ‘वेरुस’ म्हणजे खरे आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. दोन्ही मिळून, खरे करणे."

"मग आजोबा, शिक्का मारला की खोटंही खरं होतं?"

"म्हणून तर आधी चष्मा लावायचा, पुट्टी!" ते तिला लाडाने म्हणाले.

मानाजीराव मूळ कागद आणि नक्कल ओळीओळीने ताडून पाहत, मगच मला उचलत. ते निवृत्त झाल्यावर प्रद्युम्न आला. तो न वाचताच गठ्ठेच्या गठ्ठे उरकी. "काय चटपटीत मुलगा!" असे साहेब म्हणत. मी किती खोटे खरे केले, मलाच ठाऊक नाही.

गेल्या सोमवारी हुणसूरहून अंबुजाबाई आल्या. वय सत्तर. त्यांच्या मुलीचे, अवनीचे, महिन्याभरात जर्मनीत ऑपरेशन आहे. तिच्याजवळ जायला त्यांना पासपोर्ट काढायचा होता आणि त्यासाठी शाळेचा दाखला हवा होता. पण शाळेच्या नोंदवहीत नाव निघाले तारा.

"मीच ती. लग्नात यांनी तांदळात अंगठीने अंबुजा लिहिलं."

"त्याचा कागद?" प्रद्युम्नाने विचारले.

"कागद कुठला रे? दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात केला."

"लग्नाला हजर असलेलं कुणी?"

"मी होते की!"

सगळी कचेरी हसली. त्याही हसल्या आणि मग पदराने डोळे टिपू लागल्या.

"अय्यो अम्मा, मी तरी काय करू? कोर्टाचा कागद आणा. तीन महिने लागतील."

"ऑपरेशन थांबेल का रे तोवर?"

प्रद्युम्नाने मला शाईवर टेकवले, क्षणभर हवेत धरले आणि खाली ठेवले. न पाहिलेले शेकडो कागद मी खरे केले होते. समोर उभी असलेली खरी बाई मात्र मला खरी करता आली नाही. त्या रिकाम्या हाताने बसकडे गेल्या.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजीला तिचे माहेरचे नाव विचारा. तिला ओळखणारी माणसे आहेत तोवर ते लिहून, त्यांच्या सह्या घेऊन ठेवा. एवढे तुम्हीच करा. मला कुणीतरी उचलावे लागते.