खंडेनवमीचं गिऱ्हाईक

टीव्हीवर मंदी कधीच संपली होती. सातपूरच्या कारखान्यांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. २००९ सालचा दसरा तोंडावर आला, तरी गोटीरामच्या वर्कशॉपात दोन्ही लेथ मशीनं झाकलेलीच. गाड्यांच्या कंपनीला पार्ट पुरवायचा त्याचा धंदा, आणि कंपनीनं ऑर्डरच थांबवलेली. सरकारनं काय केलं, तर गाड्यांवरचा कर कमी केला. वा रे डोकं! ज्याचा पगार बंद झालाय, तो स्वस्तातली गाडी घेऊन काय भंडारदऱ्याला फिरायला जाणार होता?

भिकातात्यांना घरी बसवून चार महिने झाले होते. एकवीस वर्षं त्यांनी एकच मशीन चालवलं. जाताना गोटीरामनं शब्द दिला होता, “तात्या, ऑर्डर आली की पहिला निरोप तुम्हाला.” आणि आता बँकेचे हप्ते थकले म्हणून तेच मशीन त्यानं विकलं होतं. ओझरचा बारकू, तोही वर्कशॉपवाला, रविवारी टेम्पो घेऊन यायचा होता. मशीन गेलं म्हणजे तात्यांची परतायची वाट बंद, हे गोटीरामला कळत होतं. कोणत्या तोंडानं सांगावं, या घोरात रविवारी खंडेनवमी आहे हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. लोखंडावर जगणाऱ्या माणसानं हा दिवस विसरावा, म्हणजे हद्द झाली. त्या दिवशी मशीन पुसायचं, पुजायचं. चालवायचं नाही की जागचं हलवायचं नाही.

रविवारी सकाळी दारात भिकातात्या. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्यात नारळ.

“शेठ, काम नाय म्हणून पूजा चुकवायची का?” म्हणत ते आत शिरले आणि रॉकेलच्या बोळ्यानं मशीनवरचा गंज पुसायला लागले. आत्ता सांगू, मग सांगू करत गोटीरामनं भलताच विषय काढला.

“तात्या, सरकारनं आधी काय करायला हवं होतं हो?”

“मला इचाराल तर कर बिर राहू द्या. जिथं पाणी नाय तिथं आधी पाणी न्या. पाण्याला पाइप लागतो, पाइपाला लोखंड, अन् लोखंडाला आपण. बायामाणसांची तहान भागंल, आपल्याला बी काम मिळंल.” त्यांनी हार घातला, नारळ वाढवला आणि हात जोडले.

तेवढ्यात टेम्पो थांबला. बारकू आत आला, हार बघून चपला काढून उभा राहिला.

“या, या!” तात्यांचा चेहरा खुलला. “शेठ, गिऱ्हाईक आलं बघा. अन् आजच्या दिवशी.”

आता मात्र गोटीरामला राहवेना. “तात्या, हे मशीन न्यायला आलेत. मी विकलंय.”

तात्यांनी घातलेला हार सरळ केला. मग ते मशीनवर हात ठेवून उभे राहिले. गोटीरामला वाटलं, त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“खंडेनवमी माझ्याबी ध्यानात नव्हती. पूजा झालीय, आज हलवायचं नाय,” बारकू हळूच म्हणाला. “परवा येतो.”

“परवा न्या, पण ऐकून ठेवा,” तात्या त्याच्याकडे वळले. “लांब दांड्याचा जॉब लावला की दांडा शेवटाकडं निमुळता होतो. मागून पत्र्याचा कपटा सारावा लागतो. किती जाड, ते हातालाच कळतं.” लेकीला नांदायला धाडताना, तिला थंडी सोसत नाही हो, असं व्याह्यांना सांगावं, तसा त्यांचा सूर होता.

बारकूनं डोकं खाजवलं. “तो कपटा मला कळायचा नाय. माझ्याकडं सगळा लांबच जॉब हाय. पेठ-सुरगाण्याकडं सरकारी हापसे बसणार हायेत, त्यांचे रॉड करायचेत. तात्या, तुम्हीच चला की मशीनसंगं.”

तात्यांनी गोटीरामकडे पाहिलं. “शेठ, जाऊ?”

गोटीरामला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी फार पोरकंही वाटलं. “जा तात्या. अगदी बिनघोर जा.”

“अन् तुमचं काय?”

चार महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ना बँकेनं, ना भावकीनं. त्यानं दुसऱ्या मशीनवरचं कापड उगीच सारखं केलं. तात्या बारकूला म्हणाले, “रॉड किती?”

“दोन हजार.”

“एक मशीन अन् एक म्हातारा. एवढे रॉड उरकेपर्यंत दिवाळीनंतरची दिवाळी येईल. निम्मे हितं टाका, त्या दुसऱ्या मशीनवर. ते शेठ सोता चालवतात, काम लय सफाईचं हाय.”

बारकूनं दुसऱ्या मशीनकडे पाहिलं, मनाशी हिशेब केला आणि मान डोलावली. “चालंल. परवा टेम्पोतच लोखंड घालून आणतो.”

“पण माल तपासायला मी येणार,” तात्या गोटीरामला दटावत म्हणाले. “एक जरी रॉड निमुळता निघाला, तर माघारी धाडीन. शेठ असाल तुमच्या घरी.”

गोटीराम कितीतरी दिवसांनी हसला. हसता हसताच त्याला रडू फुटलं, आणि त्यानं ते तात्यांपासून लपवलं नाही.