जिलानी मिस्त्री फट ठेवतात

मुदखेडच्या जिलानी मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टी कधी खपवून घेतल्या नाहीत. एक पांचट चहा, दुसरी सांध्यातली फट. चहाचं एक वेळ ते हसण्यावारी नेत, फटीचं नाही. त्यांनी बसवलेल्या दाराच्या सांध्यात पोस्टकार्ड शिरत नसे, आणि शिरत नाही हे गिऱ्हाइकाला दाखवायला ते सदऱ्याच्या खिशात एक पोस्टकार्ड बाळगून असत. पोस्टकार्ड पाठवण्याची रीत बुडाली तरी यांचं कार्ड चालूच होतं.

असा हा माणूस वयाच्या पासष्टाव्या वर्षी लातुरात येऊन गुडघ्यावर बसला, तो नातीपायी.

इकरा ही त्यांच्या धाकट्या लेकीची लेक. लातुरात राहून ती डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करत होती. औसा रोडच्या आतल्या गल्लीत हरिओमचं दुमजली घर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर ती आणि आणखी तीन मुली भाड्याने राहत. लातूरकरांनी तेव्हा घरं अशीच बांधायला घेतली होती. पाहुणा आला तर त्याला पाय पसरायला जागा नसे, पण चार विद्यार्थ्यांच्या खाटा मात्र कुठेही मावत.

मुली पहाटे चारला उठत. गजर झाला की चार लोखंडी खुर्च्या फरशीवरून एकदम सरकत आणि त्याची घरघर खालच्या खोलीत उतरे. त्या खोलीत हरिओमची आई तारामती झोपत. खुर्च्यांना रबराची बुचं लावून झाली, ती आठवड्यात फाटली. मुलींना सांगून झालं. त्या बिचाऱ्या दोन दिवस खुर्च्या उचलून ठेवत, तिसऱ्या दिवशी झोपेत विसरत.

दुसरी कुणी असती तर कूस बदलून झोपली असती. पण पहाटे चारच्या सुमाराला अशी घरघर तारामतींनी आधी एकदा ऐकली होती. किल्लारीकडचं त्यांचं गाव त्या पहाटे भूकंपात बसलं. नवरा गेला, बारा वर्षांची मुलगी गेली. सात वर्षांचा हरिओम कुशीत होता, तेवढा राहिला. आता त्या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली होती, तरी वर खुर्ची सरकली की तारामती गादी गुंडाळायच्या आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायच्या. त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. आता यांना बाहेर झोपू देऊ नका, असं डॉक्टरांनी हरिओमला बजावलं.

हरिओमने मुलींना महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. सांगताना त्याला त्यांच्याकडे बघवलं नाही. मे महिन्यात परीक्षा, फेब्रुवारी चालू, आणि लातुरात त्या दिवसांत खोली मिळणं म्हणजे वाळवंटात विहीर लागणं. इकराने मुदखेडला नानांना फोन केला. रडली नाही, काय झालं ते सांगितलं. नाना दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारात उभे.

त्यांनी वरची खोली पाहिली, एक खुर्ची सरकवून बघितली, खाली येऊन ती घरघर ऐकली. मग हरिओमला म्हणाले, "फरशीवर लाकूड टाकू. लाकूड आवाज गिळतंय."

"चाचा, सामान मी आणतो," हरिओम म्हणाला. "पण माय घरात झोपली तरच पोरी राहतील. न्हाई झोपली तर माझ्यापाशी दुसरा इलाज न्हाई."

"झोपतील. काम माझं हाय."

एका डॉक्टरांच्या बंगल्यात लाकडी फरशी बसवून उरलेले खोके फरशीच्या एका शोरूममध्ये पडून होते, ते हरिओमने आणले. खोक्यावर इंजिनिअर्ड वुड असं लिहिलेलं होतं. जिलानींनी ते इकराकडून दोनदा वाचून घेतलं. "लाकडाला इंजिनिअर कशाला लागतोय? आमच्या बापजाद्यांचं सागवान काय दहावी नापास होतं?" असं म्हणत त्यांनी पट्टी उजेडात धरली. खाली प्लायवूडचे थर, वर अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा. कडेला खाच होती आणि दुसऱ्या पट्टीची जीभ त्या खाचेत टक्कन बसत होती. ना खिळा, ना फेव्हिकॉल. मिस्त्रींनी टक् करून बसवली, काढली, पुन्हा बसवली. तोंडाने नाही म्हणाले, पण त्यांना ते आवडलं होतं.

खोक्यात एक पुस्तिका होती. इकरा ती वाचून मराठीत सांगू लागली. "खोके खोलीत तीन दिवस तसेच ठेवा म्हणे, लाकडाला तिथल्या हवेची सवय होऊ द्या."

"बरोबर हाय. नवी सून बी लगेच चुलीपाशी बसवत न्हाईत."

"खाली फोमची चादर अंथरा. आणि नाना, चारी भिंतींपासून दहा मिलिमीटर फट सोडा. वरून पट्टी लावली की ती झाकते."

मिस्त्रींचा हात थांबला. "कोण म्हणतंय?"

"कंपनी म्हणतेय."

"कंपनीला सांग, जिलानी मिस्त्री फट ठेवत न्हाई. अन् ती पट्टी म्हणजे काय, सुताराची लाज झाकायचं फडकं."

इकराने आणखी एकदा सांगून पाहिलं. पण डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीचं नाना सगळ्या बाबतीत ऐकत, सुतारकाम सोडून.

तीन दिवस हवा खाऊ घातल्यावर त्यांनी फोम अंथरला आणि पट्ट्या बसवायला घेतल्या. ओळीमागून ओळ बसत गेली. शेवटच्या ओळीची पट्टी त्यांनी इतकी नेमकी कापली की ती ठोकूनच आत घालावी लागली. चारी भिंतींना फरशी अशी भिडली की पोस्टकार्ड सोडा, मुंगीलाही वळसा घालावा लागला असता. हरिओमची बायको उज्वला बघायला आली आणि चप्पल काढून दारातच उभी राहिली. मुलींनी खुर्च्या सरकवून पाहिल्या. खाली हरिओम कान देऊन बसला होता, त्याला काहीच ऐकू आलं नाही. दुपारी त्याने मिस्त्रींना पुरणपोळी वाढली.

तारामती मात्र शेडमध्येच होत्या. "चार रोज बघू," म्हणाल्या. भूकंपाने माणसाला एवढी तरी सावधगिरी शिकवलेली असते.

चार रोज निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुली क्लासला गेलेल्या, खिडक्या सताड उघड्या, आणि दुपारी अवकाळी आला. गारा पडल्या, सगळ्या लातूरची हवा ओल्या पोत्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी इकरा खोलीच्या मधोमध पाय ठेवायला गेली तर फरशी टप्पकन वाजली आणि खाली दबली. पाय उचलला तशी पुन्हा वर आली. मधल्या चार ओळींचं पोट भाकरीसारखं फुगलं होतं. प्रत्येक पावलाला टप्प, टप्प. खुर्च्यांची घरघर परवडली असं वाटावं, एवढा तो आवाज खाली वाजत होता.

हरिओम वर आला, बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "चाचा, तुमची मेहनत वाया गेली. पोरींना रविवारपर्यंत सामान हलवू द्या."

चारी मुली दाराशी उभ्या होत्या. जिलानी खोलीच्या मधोमध बसून होते. पन्नास वर्षांत त्यांचं काम कुणी वाया गेलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नेमकं नातीसमोर. त्यांना पुस्तिका आठवत होती, पण ते कबूल करवत नव्हतं. मान तुटली तरी चालेल पण वाकायची नाही, असा त्यांचा बाणा होता.

तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी धापा टाकत चढत असल्याचा आवाज आला. तारामती होत्या. हे घर बांधल्यापासून त्या वरच्या मजल्यावर कधी आल्या नव्हत्या. दाराशी थांबून त्यांनी श्वास घेतला, मग फुगलेल्या जागेवर मुद्दाम पाय दिला. टप्प झालं.  तारामती भिंतीपाशी गेल्या, वाकल्या आणि फरशी जिथे भिंतीला भिडली होती तिथे बोट फिरवलं.

"मिस्त्री, लई घट्ट बसवलं तुम्ही."

"हाव, आक्का. घट्टच बसवतो मी."

"आमच्या गावात भिंती दोन-दोन हात जाड होत्या. दगड, माती, सगळं एकदम घट्ट. पहिल्या हादऱ्याला बसल्या. पण आमच्या आतल्या घरात सागाचे खांब होते. नुसते दगडावर ठेवलेले, भिंतीपासून सुटे. भिंती बाहेर पडल्या, खांब डुलले अन् उभे राहिले. मी अन् हरिओम त्या खांबांमधी होतो." त्या खाली बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "ते खांब कोणत्या सुतारानं ठेवले काय म्हाईत. पण त्याला कळत होतं. लाकडाला हलायला जागा लागती, बाबा."

 हेच पुस्तिकेने सांगितलं तेव्हा जिलानींना राग आला होता. तारामतींनी सांगितल्यावर लाज वाटली, आणि लाज वाटली हे त्यांनी लपवलं नाही.

"इकरा," ते म्हणाले, "किती मिलिमीटर लिहिलंय?"

"दहा, नाना."

"पट्टी दे मोजायची. अन् ते फडकं पण आणाय सांग, झाकायचं."

मग दोन दिवस वरच्या मजल्यावर करवत चालली. जिलानींनी कडेच्या पट्ट्या उकलल्या, चारी बाजूंनी कापल्या, आणि जन्मात पहिल्यांदा हाताने मोजून फट ठेवली. तारामती भिंतीला टेकून बसायच्या आणि देखरेख करायच्या. "तिकडं कमी सुटली," म्हणायच्या. मिस्त्री मुकाट्याने पुन्हा मोजायचे, आणि खरोखरच कमी सुटलेली असायची. उज्वलाने सासूबाईंना इतकं बोलताना लग्नापासून ऐकलं नव्हतं. फुगवटा आपसूक खाली बसला. मिस्त्री खोलीभर चालले, मग नाचल्यासारखे चालले, टप्प काही झालं नाही.

त्या रात्री तारामतींची गादी खालच्या खोलीत घातली. शेडमध्ये जिलानी झोपले. निजताना हरिओम एवढंच म्हणाला, "सकाळी बघू."

सकाळी सहाला त्याने मिस्त्रींना हलवून उठवलं. चेहरा उतरलेला होता. "चाचा, माय खोलीत न्हाई. गादी रिकामी हाय. इकडं आली का?"

शेडमध्ये मिस्त्रींशिवाय कुणी नव्हतं. अंगणात नव्हतं, गल्लीत नव्हतं. जिलानींना वाटलं, सत्तरीच्या बाईला आपण हट्टाने घरात झोपवलं, आणि ती पहाटे कुठे गेली? हरिओम जिना चढून वर धावला, मिस्त्री त्याच्या मागे.

दार अर्धं उघडं होतं. आत चारी मुली खुर्च्या सोडून जमिनीवर बसल्या होत्या, पुस्तकं मांडीवर घेऊन. त्यांच्या मधोमध लाकडावर, चादरसुद्धा न घेता, तारामती झोपल्या होत्या. इकराने तोंडावर बोट ठेवलं आणि ती हलकेच बाहेर आली.

"चारला आल्या," ती कुजबुजली. "त्यांना जाग आली, पण वरून काहीच ऐकू येईना. त्यांना वाटलं आम्ही झोपून राहिलो. दार वाजवून म्हणाल्या, उठा गं पोरींनो, चार वाजले. आम्ही उठलेल्याच आहोत, आजी, असं मी म्हटलं. तर आत येऊन एकेकीच्या तोंडाला हात लावून बघितलं. म्हणाल्या, त्या पहाटे मी माझ्या पोरीला उठवलं न्हाई. गणपती बुडवून दमून आली होती, बाहेरच्या खोलीतच झोपली, म्हटलं झोपू दे."

हरिओम जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. बहिणीची ही गोष्ट त्याला कधी कुणी सांगितली नव्हती. बाहीने डोळे पुसून तो इकराला म्हणाला, "महिनाअखेरीचं विसरा. परीक्षा झाल्यावरच जायचं. अन् उद्यापास्नं गजर लावू नका. माय उठवील तुम्हाला."