हँडलची टाइल

मिस्त्रीनं छिन्नीच्या मुठीनं टाइलवर टकटक केलं, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. पोकळ. शेजारचीही पोकळ. तिच्या खालची तर रिकाम्या डब्यासारखी वाजली. बाथरूम त्याच्याच घरातलं आणि भिंत त्याच्याच हातची. दुसऱ्या कुणाची असती, तर एव्हाना त्यानं त्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

परवा शॉवरखालची एक टाइल आपोआप निसटून बादलीत पडली, म्हणून त्यानं हे काम काढलं होतं. ते फोनवर कळताच मुलगी धावत आली होती. आई गेल्यापासून ती फक्त रविवारी यायची.

“बाबा, पडली तेवढी लावून टाका ना. सगळी भिंत कशाला उकरताय?”

“एक पडली, म्हणजे बाकीच्या रांगेत उभ्या आहेत.”

“मग आधाराला धरायच्या हँडलची तेवढी राहू द्या. आईचा हात लागायचा तिला.”

“बघू,” तो म्हणाला. हँडलकडे त्याला बघवत नव्हतं. याच कोपऱ्यात बायको पडली होती. तेव्हा तो परगावी कामावर होता. खुब्याचं हाड मोडलं, तिनं अंथरूण धरलं आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. “ओल्या फरशीवर पाय सटकला,” एवढंच ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

कामावर त्याला सगळे कंगवा मिस्त्री म्हणत. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. नाव पडलं होतं ते दातेरी थापीमुळे. अ‍ॅडहेसिव्ह आधी भिंतीवर दाबून चोपडायचं, मग थापीच्या दातांनी एकाच दिशेला रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही हात मारायचा. आणि पहिली टाइल बसवली की लगेच उपटून पाठ बघायची. पाठ पूर्ण माखलेली नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून. जिथे पाणी पडतं तिथे मागे बोटभरही पोकळी नको, हे तो नव्या माणसाला इतक्यांदा ऐकवायचा, की मुलीला ते शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आणि घरी काय केलं? दोन कामांच्या मधे एकच दिवस मोकळा होता. अ‍ॅडहेसिव्हची उरलेली अर्धी गोणी होती. त्यानं टाइलमागे पाच गोळे लावले, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, आणि भिंत उरकली. हँडलसाठी खोल भोक पाडलं तर पोकळ टाइल तडकेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आखूड स्क्रू मारले, टाइलपुरते. “लोका सांगे ब्रह्मज्ञान,” बायको दारातून हसत म्हणाली होती. “अगं, घरचंच तर आहे, करू नंतर नीट,” असं तो म्हणाला होता. त्याला आता बारा वर्षं झाली.

टाइल एकेका ठोक्यात सुटत होत्या. हँडलच्या टाइलपाशी येऊन त्यानं सवयीनं टकटक केलं आणि थांबला. पुन्हा वाजवून बघितलं. चारही कोपरे आणि मधे. कुठेच पोकळ नाही. सगळ्या भिंतीत ही एकच भरीव होती, आणि तिच्या कडेची सांधभरणी बाकीच्यांपेक्षा पांढरी होती.

“ही माझी नाही,” तो म्हणाला. “कुणी बसवली?”

मुलगी खाली पडलेले तुकडे गोळा करू लागली.

“कुणी बसवली, विचारतोय.”

“मी.” ती म्हणाली, “आईनं हँडल धरलं होतं, बाबा. टाइलसकट हातात आलं तिच्या.”

तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

“दवाखान्यात पहिल्याच दिवशी म्हणाली, तुझे बाबा यायच्या आत लावून टाक. त्यांना कळलं, तर पुन्हा थापी हातात धरायचे नाहीत.”

बायकोच्या उशाशी बसून तोच तिला बोलला होता. एकदा नाही, चारदा. बघून पाय टाकायला काय झालं होतं तुला? आणि ती म्हणाली होती, “चुकलंच माझं.” त्यानं धुळीनं माखलेल्या हातांनी तोंड पुसलं.

“कशानं लावलीस?” त्यानं विचारलं.

“छोटं पाकीट आणलं. माळ्यावर तुमची जुनी थापी होती. दोनदा उपटून पाठ बघितली, तुम्ही सांगायचात तशी.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यानं भिंत नव्यानं केली. रेघा ओढल्या, पहिली टाइल उपटून पाठ बघितली आणि मगच पुढची घेतली. मुलीची टाइल त्यानं होती तिथेच ठेवली आणि बाकीच्या तिच्या मापानं कापून बसवल्या.

शेवटी त्यानं हँडल काढलं, आखूड स्क्रू खिशात टाकले आणि ड्रिल लावलं. टाइल तडकली नाही. लांब स्क्रू भिंतीत खोलवर गेले. मग त्यानं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला.

हँडल जागचं हललं नाही.

“बसलंय, बाबा,” मुलगी म्हणाली. “सोडा आता.”

तो सोडेना.