खोटा मुऱ्हाळी

तापीबाईंची सून दगूबाई, दगूबाईंची सून प्रमिलाबाई आणि प्रमिलाबाईंची सून काजल. शहाद्याकडच्या तापीकाठच्या या घराण्यात पिढ्या अशाच मोजतात. पुरुषांची नावे सातबाऱ्यावर लागतात, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण घर कोणाच्या हाती होते असे विचारले, की गावातले जाणते लोक सुनांचीच नावे घेतात. तापीबाईंनी माळरानाची बागायत करून घेतली. दगूबाईंनी भाऊबंदकीत एक बांधही सरकू दिला नाही. प्रमिलाबाईंनी पपईच्या रोपांची वाटिका काढली. आणि काजल आली ती नंदुरबारच्या महाविद्यालयातून संगणकाची पदवी घेऊन. वाटिकेचा सारा पत्रव्यवहार तिने वर्षभरात असा हाती घेतला की आता सुरतेचे व्यापारीसुद्धा फोनवर आधी विचारतात, “काजलताई आहेत का?”

दगूबाईंना या नातसुनेचा अभिमान होता. तो त्यांनी तिला कधी बोलून दाखवला नव्हता. त्या घरात तशी पद्धत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दगूबाई तिला घेऊन खापरला निघाल्या. हा त्यांचा नेम जुना होता. खापरच्या बाजारात भंवरलालजींची धान्याची पेढी. भंवरलालजी जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्यांच्या पत्नी तीजाबाई नव्वदीच्या उंबऱ्यावरही पेढीमागच्या खोलीत ताठ बसलेल्या असत. दगूबाईंनी डबा पुढे ठेवायचा आणि म्हणायचे, “तीजाभाभी, तुमनं देणं ऱ्हायनंच मन्हाकडे.” त्यावर तीजाबाईंनी हसून म्हणायचे, “ऱ्हाऊ दे. तुले काय घाई शे?”

देणे पैशांचे नव्हते. दगूबाईंच्या लग्नानंतरची ती पहिली आखाजी. लेकीला माहेरी न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुऱ्हाळी. आणि मुऱ्हाळी दारात आला की सासरचे लोक अडवत नाहीत, ही खानदेशची रीत. दगूबाईंच्या दारात एक अनोळखी माणूस जीप घेऊन उभा राहिला. “भावाला ताप भरलाय, म्हणून मला धाडलंय,” म्हणाला. तापीबाई शेतात होत्या. अंगावर सगळे दागिने घालून नवी नवरी जीपमध्ये बसली. माहेर तळोद्याजवळ, जीप तळोदा ओलांडून गुजरातच्या दिशेने धावत राहिली. “पुलाचं काम चाललंय, वळसा घालावा लागतो,” तो म्हणाला. इंजिनात पाणी घालायला तो खापरला थांबला, तेव्हा पेढीच्या ओट्यावर बसलेल्या तीजाबाईंनी त्या मुलीला पाणी दिले आणि मुऱ्हाळ्याला सहज विचारले, “हिच्या आईचं नाव काय हो?”

त्याने नाव सांगितले नाही. म्हणाला, “उशीर होतोय, चला लवकर.”

तीजाबाईंनी मुलीचा हात धरला, तिला आत घेतले आणि दाराला कडी घातली. जीप निघून गेली. दुसऱ्या दिवशी भंवरलालजी स्वतः तिला माहेरी पोचवायला गेले, तेव्हा तिचा भाऊ ठणठणीत होता. नवे धोतर नेसून बहिणीला आणायला निघण्याच्या तयारीत होता.

तर, या वर्षी दगूबाई आणि काजल खापरला पोचल्या तेव्हा पेढीत तीजाबाईंची नातसून रूपल एकटीच संगणकापुढे बसली होती. नवरा अहमदाबादला गेलेला. पेढी तीच सांभाळत होती. तिने “या” म्हटले, पण नजर पडद्यावरच होती आणि एका हातात मोबाइल होता.

“रूपलभाभी, बरं नाही का?” काजलने विचारले.

“अगं, सकाळपासून डोकं खाल्लंय या ईमेलनं. पेढीच्या ईमेल खात्यात कोणीतरी परक्या ठिकाणाहून शिरलंय म्हणे. आत्ताच्या आत्ता खातरजमा केली नाही तर खातं कायमचं बंद. आता मोबाइलवर कोड आलाय, तो तेवढा भरला की सुटले.”

“भरू नका.”

“काजल, दहाच मिनिटं उरलीत.”

“पोरी, हात काढ,” दगूबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांना ईमेलमधले काही कळत नव्हते. पण काजलचा आवाज त्यांना कळत होता. रूपलचा हात आपोआप मागे आला.

काजल खुर्ची ओढून बसली. “पत्र कोणी पाठवलंय ते आधी बघू या.” वर ईमेल कंपनीचे नाव ऐटीत लिहिलेले होते. त्या नावावर तिने माउसचा बाण नेला, तेव्हा मागचा खरा पत्ता उघडा पडला: कंपनीशी काडीचाही संबंध नसलेला, अक्षरे आणि आकडे कोंबलेला. “आणि हे बघा. ‘प्रिय ग्राहक.’ ज्यांच्याकडे तुमचं खातं आहे, त्यांना तुमचं नाव ठाऊक नसेल? वर घाई. विचार करायला वेळच द्यायचा नाही, हीच यांची रीत.”

दगूबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिले. तीजाबाई तक्क्याला टेकून ऐकत होत्या.

“पण आत कोणी खरंच शिरलं असेल तर?” रूपल म्हणाली.

“ते पाहायचंच. पण त्यांनी दिलेल्या बटणावरून नाही, आपल्या वाटेने.” काजलने ते पत्र बंद केले, खात्याचा पत्ता स्वतः टाइप केला आणि मग थांबून विचारले, “भाभी, खरं सांगा. सकाळी ते बटण दाबून पासवर्ड टाकला होता का?”

“टाकला,” रूपल मान खाली घालून म्हणाली.

पुढचे काम काजलने भराभर केले. नवा पासवर्ड रूपलकडून घालून घेतला. तो टाइप होताना स्वतः मान फिरवली, हे दगूबाईंच्या नजरेतून सुटले नाही. खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे त्याची यादी काढली. त्यात एक परका फोन होता. त्याला बाहेर काढले. मोबाइलवरचा तो कोड भरला असता, तर त्यानेच पासवर्ड बदलून रूपलला बाहेर काढले असते. येणारे प्रत्येक पत्र गुपचूप दुसरीकडे धाडण्याची तजवीज कोणीतरी करून ठेवली होती, ती मोडली. पुढच्या वेळी पासवर्ड कोणाला कळला तरी रूपलच्या फोनवाचून दार उघडू नये, अशी दुहेरी कडी घातली. मग पाठवलेली पत्रे उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

“भाभी, तासाभरापूर्वी तुमच्या नावानं पत्रं गेलीत. पेढीचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे पैसे नव्या खात्यावर भरावेत. सगळ्या व्यापाऱ्यांना.”

पेढीचे व्यवहार पत्राच्या एका ओळीवर चालत. भंवरलालजींच्या काळापासून त्या ओळीवर कोणी शंका घेतली नव्हती.

“आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करा,” काजल म्हणाली. “बँकेला आणि सायबर पोलिसांच्या मदत क्रमांकाला मी कळवते.”

“काय सांगू त्यांना? की मला फसवलं? विसरवाडीपासून सुरतेपर्यंत हसतील. नवी सून आली आणि पेढीला बट्टा लावला म्हणतील. त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत थांबू. हे आले की बघतील.”

गंभीर बोलायचे असले की दगूबाई अहिराणी सोडून शाळेतली मराठी धरत. आताही त्यांनी तीच धरली.

“रूपल, मी खोट्या मुऱ्हाळ्याच्या जीपमध्ये बसले होते. आपण होऊन चढले. ती गोष्ट माझ्या घरात दर आखाजीला मोठ्याने सांगतात. लेकींना, सुनांना, पाहुण्यांनाही. आजवर एकही माणूस हसला नाही आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली एकही लेक अनोळखी माणसाबरोबर गेली नाही. नाव फसल्याने जात नाही. फसल्यावर दुसऱ्याला सावध केले नाही, तर जाते. तुझ्या पेढीच्या नावाने लोक बुडणार आहेत. फोन उचल.”

आतून तीजाबाईंचा आवाज आला. “उचल बेटा. पेढी मन्ही शे. मी सांगस.”

रूपलने फोन उचलला. पहिलाच लावला तो विसरवाडीच्या भीमसिंगांना. महिन्याचा मोठा भरणा त्यांचाच असे.

“अहो, पत्र मिळालं ना,” भीमसिंग म्हणाले. “पोरगा बँकेतच बसलाय, फॉर्म भरतोय.”

“थांबवा त्याला, काकाजी. ते पत्र आमचं नाही. मी फसले. जुनंच खातं खरं आहे.”

पलीकडे भीमसिंग दुसऱ्या फोनवरून पोरावर ओरडल्याचे ऐकू आले आणि ते परत बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. “थांबवला. बेटा, तू स्वतः फोन केलास. भंवरलालजींची पेढी आहे खरी.”

मग रूपलने नंदुरबार, नवापूर, सुरत असे एकेक नाव घेत प्रत्येकाला तेच सरळ शब्दांत सांगितले. कोणी हसले नाही. दोघांनी उलट विचारले, असले पत्र आम्हाला आले तर ओळखायचे कसे. तेव्हा रूपलने फोन काजलच्या हाती दिला. एकाचाही पैसा गेला नव्हता.

शेवटचा फोन खाली ठेवला तेव्हा तीजाबाई काठी टेकत पेढीत आल्या होत्या. कित्येक महिन्यांत त्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी आधी रूपलच्या डोक्यावर हात ठेवला, मग दगूबाईंसमोर उभ्या राहिल्या.

“दगू, तवय मी एक सून वाचाडी. आज तुन्ही सूननी मन्ही सून वाचाडी, पेढी वाचाडी. फिटनं. काहीच बाकी नही.”

दगूबाईंनी मान्य केले. खोटा नम्रपणा त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. पण त्यांनी काजलचा दंड धरून तिला पुढे केले, कारण देणे फेडणारी ती होती. आणि तीजाबाईंनी त्या पोरीच्या डोळ्यांत पाहून, साऱ्या पेढीला ऐकू जाईल असे पुन्हा सांगितले, “पूर्ण फिटनं.”