प्रधानजींचा पश्चात्ताप

"महत्त्वाकांक्षा माणसाला सिंहासनावर चढवते आणि तिथूनच त्याचा कडेलोट करते!" मास्तर गरजले. कलाकारांनी माना डोलावल्या. सिंहासनही डोललं, कारण ती कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेली चाकांची खुर्ची होती.

"वीट कुठाय, वीट?" म्हणत मास्तर खाली वाकले. चाकामागे वीट लावायचं काम रोज त्यांच्याच गळ्यात पडे. मुद्दा तिथंच राहिला.

महिनाभर हेच चाललं होतं. नाटक जुनं, भारदस्त. प्रधान झोपलेल्या राजाला मारतो, गादी बळकावतो आणि मनातल्या अपराधानं झिजत झिजत कोसळतो. प्रधान होते गल्लीतले दातांचे डॉक्टर. मास्तरांची हयात शाळेत नाटकं बसवण्यात गेली, पण असला प्रधान त्यांनी पाहिला नव्हता. डॉक्टर राजाच्या उशाशी वाकत, त्याच्या खांद्यावर थोपटत आणि खंजीर उगारून हळूच म्हणत, "किंचित दुखेल हं." मग पातं कापसानं पुसून ठेवत.

"अहो, खून केलाय तुम्ही! दाढ नाही काढली!"

"सवय हो, मास्तर. पण अपराधी वाटतं म्हणजे नेमकं कुठं वाटतं?"

"मानेत! इथं! मागे कुणीतरी उभं असल्यासारखं!"

डॉक्टर मान चोळत. मास्तर कपाळ बडवत.

नाटकात प्रधानाची बायको झाली होती ती मास्तरांचीच बायको. घरी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "रोज माझं डोकं खाता. संवाद तुम्हाला पाठ, अंगरखा तुम्हाला होतो. तुम्हीच उभे राहा की."

"आणि डॉक्टर?"

"तेही मीच सांगू? प्रधान कोण, तुम्ही की मी?"

प्रयोगाच्या दुपारी मास्तरांनी डॉक्टरांना फोन केला, की प्रयोग उद्यावर गेला. मंडळींना सांगितलं, डॉक्टरांना ताप आहे. दोन्ही थापा इतक्या सफाईनं सुटल्या, की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

पहिले दोन अंक मास्तरांनी मारून नेले. राजा मेला तेव्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या अंकात मुकुट चढवून ते चौथऱ्यावरच्या सिंहासनावर बसले आणि विंगेत पाहतात तो डॉक्टर उभे! तोंडाला घरूनच रंग, हातात खंजीर. उद्या प्रयोग, म्हणून रिकाम्या रंगमंचावर पश्चात्तापाचा सराव करायला आले होते बिचारे. चिडलेसुद्धा नव्हते. नुसते बघत होते.

मास्तरांची मान आखडली. पाठ असलेलं सगळं नाटक डोक्यातून पुसलं गेलं.

"अहो, बोला काहीतरी!" बायको दातओठ खात कुजबुजली.

मास्तर मागे सरकले. खुर्चीही सरकली, कारण वीट लावणारे गृहस्थच आज मुकुट घालून बसले होते. खुर्ची, मुकुट आणि मास्तर मागच्या पडद्यासकट चौथऱ्यावरून खाली गेले.

प्रेक्षक उभे राहिले. काय तो पश्चात्ताप! टाळ्या थांबेनात.

डॉक्टर धावत आले आणि शेजारी गुडघे टेकून बसले. मास्तरांच्या ओठातून रक्त येत होतं.

"डॉक्टर, मी तुम्हाला फसवलं हो," मास्तरांना हुंदका आवरेना. "ही महत्त्वाकांक्षा माणसाला आधी..."

"बोलू नका." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "किंचित दुखेल हं. मोठा 'आ' करा बघू."